उक्षी स्टेशनवर गाडी एवढा वेळ का थांबते? आणि स्टेशन यायच्या आधी तिथे काय होतं?

आजोळ_उक्षी

नमस्कार मंडळी. माझं आजोळ उक्षीजवळच्या एका वाडीत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, रत्नागिरी तालुका, कोकण रेल्वेवर संगमेश्वर रोड आणि भोके यांच्या मधलं स्टेशन. या शिमग्याला आठ वर्षांच्या मुलाला घेऊन दिवा–सावंतवाडीने गेलो. उक्षीला उतरलो तेव्हा भर दुपार, आमच्यासोबत अजून चार-पाच माणसं उतरली, ती पाखाडीने, म्हणजे दगडी पायवाटेने, निघून पण गेली, तरी गाडी आपली उभीच. मुलगा जागचा हलेना. बाबा, सगळे उतरले ना, मग गाडी कोणासाठी थांबलीय? मी म्हटलं क्रॉसिंग असेल. मग क्रॉसिंग म्हणजे काय, ते इथेच का, गाडीला कोण सांगतं थांब म्हणून, असं सुरूच. शेवटी पलीकडच्या रुळावरून एक लांबलचक एक्स्प्रेस धाडधाड निघून गेली, डब्यावरचं नाव वाचायच्या आत संपली, आणि मग थोड्या वेळाने आमची गाडी हलली. ती दिसेनाशी झाल्यावर फलाटावर आम्ही दोघंच, आणि एवढी शांतता की मागच्या काजूच्या झाडावरचा पक्षी ऐकू येत होता.

मला लाज वाटली की माझ्या आईच्या गावच्या स्टेशनबद्दल मला काही म्हणजे काही सांगता आलं नाही. मी स्वतः १९९५ चा, माझ्यासाठी स्टेशन कायमच होतं. आजी ८४ वर्षांची आहे, ती फक्त एवढंच म्हणते की "तिथं आमची कलमं होती". जुन्या लोकांनी, रेल्वेत काम केलेल्यांनी, कोणीही प्लीज लिहा. स्टेशन यायच्या आधी काय होतं, आलं तेव्हा काय झालं, आणि आता त्याचं काय चाललंय. मला हे सगळं मुलासाठी वहीत उतरवून ठेवायचंय.

रुळावरचा_माणूस

मुलाला सांगा, प्रश्न एकदम बरोबर विचारलास. मी आता रिटायर आहे पण नोकरीची बरीच वर्षं रत्नागिरीच्या आसपासच्या स्टेशनांवर गेली म्हणून लिहितोय, थोडं लांबेल.

आपली लाईन एकेरी आहे. रोह्यापासून ठोकूरपर्यंत ७४१ किलोमीटर, त्यातला रोहा–वीर हा साधारण ४७ किलोमीटरचा तुकडा २०२१ मध्ये दुहेरी झाला, बाकी जवळजवळ सगळी लाईन अजून एकेरीच. मुंबईकडे जाणारी आणि मुंबईहून येणारी, दोन्ही त्याच रुळावरून. म्हणून ठरावीक अंतरावर एक स्टेशन, तिथे मेन लाईनच्या बाजूला लूप लाईन, एक गाडी लूपवर घ्यायची आणि दुसरी मेनवरून सोडायची. दोन स्टेशनांच्या मधल्या भागाला ब्लॉक सेक्शन म्हणतात. त्यात एका वेळी एकच गाडी. रोजच्या कामातला हा पक्का नियम.

आता उक्षीलाच का. उक्षी सुटली की भोक्याच्या आधी करबुड्याचा बोगदा लागतो, साडेसहा किलोमीटर लांब, कोकण रेल्वेवरचा सगळ्यात मोठा. बोगद्यात काही क्रॉसिंग होऊ शकत नाही. त्यामुळे समोरची गाडी भोक्याहून सुटली की ती अख्खा बोगदा पार करून उक्षीत पूर्ण आत येईपर्यंत इकडची गाडी सोडायची नाही. पूर्ण आत आली हे कसं कळतं? शेवटच्या डब्यावर एल व्ही, म्हणजे लास्ट व्हेईकल, लिहिलेली पाटी असते, रात्री लाल दिवा. तो दिसला म्हणजे मागे बोगद्यात एकही डबा सुटून राहिलेला नाही. तुमच्या मुलाने जी धाडधाड गेलेली गाडी पाहिली तिची ती शेवटची पाटी कोणीतरी डोळ्यात तेल घालून बघितलीय, म्हणून तुमची गाडी पुढे हलली. पुढच्या वेळी त्याला ती पाटी दाखवा.

आणि एक गोष्ट लोकांना पटत नाही पण खरी आहे. स्टेशन गावासाठी बांधलं असं आपण धरून चालतो. अशी बरीच छोटी स्टेशनं मुळात गाड्या एकमेकांना ओलांडायला म्हणून आहेत, गावाला थांबा मिळाला तो त्याच्या जोडीने. वेरवली, खारेपाटण रोड, अचिर्णे ही स्टेशनं तर बरीच नंतर, गाड्या वाढल्यावर क्रॉसिंगसाठी वाढवली. म्हणजे गाडी उतरणाऱ्यांसाठी थांबली नव्हती हे मुलाने बरोबर ओळखलं.

पावसाळ्यातलं वेगळं लिहितो, आता जेवायला बसतो.

जांभा_आणि_कलमं

मी त्याच भागातला, वय सत्तरच्या पुढे. मोबाईलवर नातू टाईप करून देतोय, चुकभूल समजून घ्या.

आधी काय होतं विचारता तर आधी चालणं होतं. माझ्या वडिलांच्या काळात मुंबईला जायचं म्हणजे जयगडला नाहीतर रत्नागिरी बंदरात जाऊन बोट पकडायची. धक्क्यापर्यंत बोट लागायची नाही, ती खोल पाण्यात उभी, पडावातून तिच्यापर्यंत जायचं, बायका पोरांना छातीशी धरून बसायच्या. आमच्या वेळेला एसटी. रात्रीची गाडी मुंबईहून निघायची, कशेडी घाटात निम्मी गाडी ओकायची, सकाळी हायवेला वांद्रीला उतरायचं आणि तिथून डोक्यावर ट्रंक घेऊन घरापर्यंत. पावसात पऱ्ये, म्हणजे ओढे, भरले की अलीकडे बसून राहायचं. आजारी माणूस डोलीतून न्यायचे. माझी थोरली बहीण बाळंतपणात अडली तेव्हा चार माणसांनी डोली उचलून हायवेपर्यंत नेली होती, मी कंदील घेऊन पुढे. तिची वेळ चांगली म्हणून दोघं जगली.

रेल्वे येणार येणार हे आम्ही पोरवयापासून ऐकत होतो. बॅरिस्टर नाथ पै बोलायचे, मग मधु दंडवते. दंडवते १९७७ ला रेल्वेमंत्री झाले तेव्हा वाटलं आता आलीच. आपट्यापासून रोह्यापर्यंत यायला १९८६ उजाडलं. मग जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि दंडवते अर्थमंत्री, दोघं एकाच वेळेला, तेव्हा खरी गाठ बसली. १९९० ला कोकण रेल्वे कॉर्पोरेशन झालं, श्रीधरनसाहेब मुख्य. त्यानंतर आमच्याकडे माणसं आली ती लाल-पांढऱ्या काठ्या घेऊन. कलमांच्या मधून दोरी लावायचे. आम्ही विचारायचो कुठून जाणार, ते म्हणायचे अजून नक्की नाही. सगळ्या लाईनीवर मिळून ४२ हजारांच्या वर जमीनमालकांची जमीन गेली म्हणतात. त्यातला एक मी. सात कलमं हापूसची, फळ धरायला लागलेली, आणि एक फणस. कलम तोडताना मी तिथे थांबलो नाही. बायको थांबली. ती म्हणाली मी बघणार, पंधरा वर्षं पाणी मी घातलंय.

पैसे मिळाले. किती ते लिहीत नाही. त्यात घराला कौलं बदलून झाली आणि मुलीचं लग्न.

मग सुरुंग. जांभा वरच्यावर असतो, खाली काळा कातळ लागला की सुरुंग. दुपारी भोंगा व्हायचा, सगळ्यांनी घरात जायचं, मग जमीन अंगाखालून हलायची. म्हशी दूध चोरायला लागल्या. बोगद्यात काम करायला लांबलांबची पोरं आली होती, आंध्रातली, केरळातली, बिहारमधली, संध्याकाळी पऱ्यावर अंघोळीला यायची तेव्हा नुसते डोळे पांढरे दिसायचे. ती पोरं कुठे गेली देव जाणे, आम्हाला त्यांची नावंसुद्धा नीट माहीत नाहीत. त्यांचं पण लिहून ठेवा वहीत.

पहिली गाडी थांबली तेव्हा अख्खी वाडी फलाटावर. ९६-९७ चा सुमार असेल. बायकांनी हळद-कुंकू लावलं इंजिनाला, हात पुरेना म्हणून एकीला वर उचललं. नारळ फोडला तो ड्रायव्हरनेच हातात घेऊन फोडला. माझी आई तेव्हा होती, तिने आयुष्यात रेल्वे पाहिली नव्हती. तिने चाकाला हात लावून पाहिला आणि म्हणाली "गरम हाय रे".

रुळावरचा_माणूस

काका, हे वाचून डोळ्यात पाणी आलं. सलग लाईनवरून पहिली गाडी २६ जानेवारी १९९८ ला गेली, त्याला उशीर झाला तो गोव्यातल्या पेडण्याच्या बोगद्यामुळे. तिथे कातळ नव्हताच, चिखलासारखी माती, खणलं की पुन्हा भरून यायचं. आपल्याकडे कातळाने त्रास दिला, तिथे मातीने.

पावसाळ्याचं राहिलं होतं. २००३ च्या जूनमध्ये वैभववाडीजवळ दरड पडलेल्या ठिकाणी गाडी घसरली, ५० च्या आसपास माणसं गेली. पुढच्याच वर्षी करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेस घसरली. त्या दोन पावसाळ्यांनंतर कामाची पद्धतच बदलली. कटिंग, म्हणजे डोंगर कापून रुळासाठी केलेली वाट, रुंद केली, डोंगराच्या अंगाला जाळ्या मारल्या, माती धरून राहावी म्हणून वाळा लावला, पाऊस मोजायची यंत्रं बसवली. पावसाळ्याला वेगळं वेळापत्रक असतंच, आणि समोरचं दिसेना एवढा पाऊस असेल तर ताशी ४० च्या वर न्यायची नाही असा आदेश असतो. लोक चिडतात गाडी लेट म्हणून. मी सांगतो, लेट होऊ दे.

पेट्रोलमनचं काम बघितलंय का कोणी? रात्रभर पावसात रुळावरून चालायचं, डोक्यावर इरलं नाहीतर रेनकोट, हातात बॅटरी, पाठीला पिशवी, त्यात लाल झेंडी आणि फटाके. फटाका म्हणजे रुळावर लावायचा, इंजिन त्यावरून गेलं की आवाज होतो आणि ड्रायव्हर ब्रेक मारतो. पलीकडच्या स्टेशनहून दुसरा निघालेला असतो. मध्ये कुठेतरी दोघं भेटतात, वही बदलतात, तंबाखू मळतात, आणि आपापल्या बाजूला परत. माणसाचा आवाज म्हणून रात्रभरात तेवढाच. एवढं करूनही डोंगर कधी ऐकत नाही. २६ जून २०२१ ला पहाटे करबुड्याच्या बोगद्यात रुळावर दगड आला आणि राजधानीचं इंजिन घसरलं, सुदैवाने कोणाला काही झालं नाही.

कातळसडा_९९

भारी धागा आहे! वर कोणी लिहिलं नाहीये पण करबुडे बोगदा हा देशातला सगळ्यात मोठा असं गावात अजून सांगतात ते आता बरोबर नाही, २०१३ ला काश्मीरमधला पीर पंजाल सुरू झाला तो ११ किलोमीटरच्या वर आहे, त्याआधीपर्यंत करबुडेच होता. वहीत लिहिताना तेवढं नीट लिहा म्हणून सांगितलं.

मला लहानपणीचं आठवतं ते बोगद्यातला डिझेलचा वास. उक्षी गेली की आई ओरडायची खिडक्या लावा, आम्ही मुद्दाम उघड्या ठेवायचो, मग तो धूर आणि कानाचे दडे आणि भिंतीवरून झर्रकन मागे जाणारे दिवे. २०२२ ला सगळी लाईन इलेक्ट्रिक झाली, आता वास नाही. माझ्या पुतण्याला सांगितलं तर त्याला खरंच वाटत नाही.

आणि रो-रो कसं कोणाला आठवलं नाही! कोलाड ते वेर्णा, २६ जानेवारी १९९९ पासून. भरलेले ट्रक सरळ वॅगनवर चढवलेले आणि ड्रायव्हर आपापल्या केबिनमध्ये बसलेले. क्रॉसिंगला थांबली की आम्ही पोरं कुंपणापाशी जाऊन ट्रक मोजायचो, ड्रायव्हर हात करायचे, एकाने एकदा खाली संत्री टाकली होती. ती संत्री आम्ही सहाजणांनी फोडी मोजून खाल्ली.

उक्षीला येणाऱ्यांनी दोन गोष्टी बघा. एक रानपाटचा धबधबा, पावसात गाडीतून पण दिसतो. दुसरं म्हणजे सड्यावरचं, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावरचं, कातळशिल्प, जांभ्यात कोरलेला मोठा हत्ती. कोकणातल्या ज्या कातळशिल्पांच्या जागा युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत त्यात उक्षी आहे. म्हणजे स्टेशनला तीस वर्षं होत आली पण ज्या सड्याखाली ते आहे तिथे माणसं किती हजार वर्षांपासून येऊन जाऊन आहेत बघा. धबधब्याला जायला रुळावरून चालू नका मात्र, कटिंगमध्ये बाजूला व्हायला जागा नसते आणि इलेक्ट्रिक इंजिनाचा आवाज जवळ येईपर्यंत कळत नाही.

संगमेश्वरची_मीना

सगळं वाचलं, छान वाटलं, पण आजचं पण लिहा की कोणीतरी. मी माहेरची उक्षीच्या बाजूची. कॉलेजला रत्नागिरीला जायचे तेव्हा दारात स्टेशन असून मी एसटीनेच गेले, तीन वर्षं. का, तर सकाळी दहाच्या आत रत्नागिरीत सोडणारी आणि संध्याकाळी पाच-सहाला परत आणणारी गाडीच नाही. दिवा–सावंतवाडी दुपारी येते, रत्नागिरीची पॅसेंजर रात्री पोचते आणि पहाटे मुंबईकडे निघते. हे टायमिंग मुंबईच्या माणसासाठी आहे. गावात राहणाऱ्या मुलीला, दवाखान्यात जाणाऱ्या म्हातारीला, तालुक्याला कागद घेऊन जाणाऱ्याला त्याचा काय उपयोग? दादर–रत्नागिरी पॅसेंजर होती ती पण कोविडनंतर दिव्यापर्यंतच राहिली. आणि दिवा–सावंतवाडीला आता एक्स्प्रेस म्हणतात, थांबते सगळीकडे तशीच पण तिकीट एक्स्प्रेसचं.

वंदे भारत २०२३ ला सुरू झाली, चांगली गोष्ट आहे, मी कौतुकच करते. ती आमच्या स्टेशनवरून जाते तेव्हा पॅसेंजर लूपवर उभी असते. माझी आई त्या पॅसेंजरमध्ये बसलेली असते, तिला गुडघ्याचा त्रास आहे, चढायला फूटबोर्ड उंच पडतो म्हणून मागून कोणीतरी धरावं लागतं. मला त्या गाडीबद्दल राग नाही. पण आई पण प्रवासीच आहे एवढं लक्षात असावं.

जांभा_आणि_कलमं

मीनाताई बरोबर बोलली. जमीन दिली तेव्हा आम्हाला वाटलं होतं गाडी आपल्यासाठी थांबणार. गणपतीत थांबते तेव्हा मात्र बघा, जादा गाड्या, रात्री दोनला पण फलाट भरलेला, पोरं मखराचं सामान डोक्यावर घेऊन उतरतात, बॅटऱ्यांची रांग पाखाडीने वर जाते ती माझ्या पडवीतून दिसते. कोणाची बॅटरी कुठल्या घराकडे वळली त्यावरून मी ओळखतो कोण आलं ते. पाच दिवसांची गौरी-गणपती झाली की परत सगळं बंद. वाडीत तेवीस घरं, त्यातली चौदा कुलूपबंद.

कातळसडा_९९

दुहेरीकरण झालं की क्रॉसिंगची भानगडच संपेल ना? मग पॅसेंजर पण वेळेवर धावतील.

रुळावरचा_माणूस

एवढं सोपं नाही रे बाबा. आपल्याकडे दुहेरी करायचं म्हणजे करबुड्याच्या शेजारी दुसरा साडेसहा किलोमीटरचा बोगदा खणायचा. पैसा लागणार प्रचंड. कॉर्पोरेशनमध्ये रेल्वेचे ५१ टक्के, महाराष्ट्र २२, कर्नाटक १५, गोवा आणि केरळ ६-६, आणि आधीचं बांधकामच बरंचसं कर्ज काढून झालेलं. म्हणून तर भारतीय रेल्वेत विलीनीकरणाचं चाललंय, महाराष्ट्राने २०२५ मध्ये संमती दिली. त्यातून मोठा निधी आला तर टप्प्याटप्प्याने होईल, माझ्या हयातीत उक्षीपर्यंत होईल असं मला वाटत नाही.

पण दुसरी बाजू पण बघ. आज क्रॉसिंग आहे म्हणून उक्षीला चोवीस तास माणूस आहे, दिवा आहे, सिग्नल आहे. दुहेरी झाल्यावर क्रॉसिंग लागणार नाही, तेव्हा स्टेशन कशाच्या जोरावर टिकणार, तर तिकिटांच्या. म्हणून सगळ्यांना सांगतो, गावी जाताना तिकीट उक्षीचंच काढा. पुष्कळ जण रत्नागिरीचं काढून उक्षीला उतरतात, किंवा काढतच नाहीत. थांबा मागायला जातात तेव्हा समोरचा माणूस पहिलं रजिस्टर उघडून किती तिकिटं गेली ते बघतो. मीनाताईने सांगितलेली सकाळची गाडी मागायची तर अर्जासोबत रोज किती मुलं, किती नोकरदार जाणार त्यांची नावनिशी यादी जोडा, उक्षी, भोके, संगमेश्वर तिन्हीकडची मिळून. एकट्या उक्षीच्या अर्जाला वजन पडणार नाही.

संगमेश्वरची_मीना

यादी मी करते. संगमेश्वरची माझ्याकडे लागली. काका, तुमच्या बाजूची तुमच्या नातवाला करायला सांगा.

आजोळ_उक्षी

काय लिहू कळत नाहीये, सगळ्यांचे मनापासून आभार. एल व्ही पाटीचं मुलाला सांगितलं तर तो आता डोंबिवलीला लोकल गेली तरी मागे बघत बसतो.

जांभाकाका, तुमचं लिहिलेलं सगळं काल आजीला फोनवर वाचून दाखवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, कलमं गेली ती गेली पण तिथे एक विहीर होती, जांभ्यात खणलेली, अकरा पायऱ्यांची, मे महिन्यात पण आटायची नाही, ती बुजवली का अजून आहे ते त्यांना विचार. तिला नीट आठवतंय की सातव्या पायरीला तिच्या सासऱ्यांनी दिवा ठेवायला कोनाडा केला होता. ती लग्न होऊन आली तेव्हा पहिला हंडा तिथून भरला होता. काका, तुम्हाला माहीत असेल तर सांगा, मी गणपतीला येईन तेव्हा तिला घेऊन येतोय.

जांभा_आणि_कलमं

विहीर आहे. भरावाच्या खाली, मुंबईकडच्या बाजूला, वरच्या चार पायऱ्या मातीत गेल्यात, बाकी आहे. करवंदीची जाळी झालीय भोवती. गणपतीच्या आधी नातवाला घेऊन साफ करून ठेवतो. आजीला सांगा कोनाडा शाबूत आहे.